कडी आणि वाक्य

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी म्हापशात राहते. मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या आम्ही भाड्याने देतो. मार्चमध्ये त्यांतली एक रिकामी झाली, तेव्हा कर्नाटकातल्या गदगकडचा एक वायरमन पत्नीला आणि सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन विचारायला आला. ‘‘बाई, खोली आहे असं कळलं,’’ एवढेच तो बोलला आणि माझा हात फाटकाच्या कडीवर गेला. ‘‘खोली गेली,’’ असे मी सांगितले. खोली गेली नव्हती. लहान मूल असले की भिंती खराब होतात, असे मी मनाशी म्हटले; पण आठवड्याने ज्या ओळखीच्या कुटुंबाला ती दिली, त्यांना दोन मुले आहेत.

हे सारे माझ्या मुलीने पाहिले. ती मानसशास्त्र शिकते. तिने मला संगणकावर गोऱ्या आणि सावळ्या चेहऱ्यांची एक चाचणी द्यायला लावली. ‘गोऱ्या चेहऱ्यांना तीव्र पसंती’ असा निष्कर्ष आला. मी स्वतः सावळी आहे. गदग-विजापूरकडच्या मजुरांच्या कितीतरी मुलांचे हात धरून मी त्यांच्याकडून अक्षरे गिरवून घेतली आहेत. माझ्या मुलाला पुण्यात ‘मासे खाता का’ असे विचारून दोन ठिकाणी खोली नाकारली होती, त्या रात्री मला झोप आली नव्हती. यजमान म्हणतात, घाटी लोक कोणालाच नको असतात, त्यात एवढे काय? मुलगी म्हणते, हा अव्यक्त पूर्वग्रह आहे, तो तुझ्या हातात नव्हता. माझे मन खरोखरच असे आहे का? आणि त्या माणसाला आता काही सांगावे का?

– एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि दर वेळी दोन वाक्यांपाशी थांबलो. ‘माझा हात फाटकाच्या कडीवर गेला’ हे एक आणि ‘खोली गेली, असे मी सांगितले’ हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये फार तर दोन-तीन सेकंद गेले असतील, पण या दोन कृती एका जातीच्या नाहीत, आणि तुमच्या मुलीने त्या एकाच नावाखाली घातल्या आहेत. तिचा हेतू तुम्हाला दिलासा देण्याचा आहे आणि ती जे शिकते आहे त्यात तथ्यही आहे. तरी हा फरक तुमच्यासमोर ठेवल्याशिवाय तुमच्या दोन्ही प्रश्नांना मला प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

आधी कडीविषयी. उघड पूर्वग्रह म्हणजे जो माणसाला स्वतःला ठाऊक असतो, जो तो विचारले असता मान्य करतो, किंवा निदान मनाशी तरी शब्दांत मांडू शकतो. अव्यक्त पूर्वग्रह म्हणजे एखादा समाजगट आणि एखादे बरेवाईट मूल्य यांची मनात पडलेली गाठ, जी विचाराला वेळ मिळण्यापूर्वीच काम करून मोकळी होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी 1989 मध्ये असे दाखवून दिले की, पूर्वग्रह बाळगणाऱ्या आणि न बाळगणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या माणसांना समाजात रूढ असलेले साचे सारखेच माहीत असतात आणि ते दोघांच्याही मनात आपोआप जागे होतात. फरक पडतो तो त्यानंतर, जेव्हा पूर्वग्रह न बाळगणारा माणूस त्या जाग्या झालेल्या साच्याला आपल्या विचाराने अडवतो. लहानपणापासून बाजारात, बसमध्ये आणि शेजारच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून जे कानावर पडत गेले, ते तुम्ही मान्य केले नसले तरी तुमच्या हाताला ते ठाऊक आहे. कडीवर हात गेला, एवढ्याने तुम्ही वाईट ठरत नाही. तुम्ही या गावात वाढलात, एवढेच त्यातून कळते.

मात्र समोरच्या माणसाला तो हात दिसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. जॉन डोव्हिडिओ, केरी कावाकामी आणि सॅम्युएल गार्टनर यांनी 2002 मध्ये गोऱ्या विद्यार्थ्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांशी झालेल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी किती गोड बोलतील, हे त्यांच्या उघड मतांवरून सांगता येत होते. पण नजर, देहबोली आणि अंतर यांतला अवघडलेपणा त्यांच्या अव्यक्त कलाशी जुळत होता. गोरे विद्यार्थी आपण चांगले वागलो, असे आपल्या शब्दांवरून ठरवत होते, तर समोरचा माणूस त्यांना त्यांच्या हालचालींवरून जोखत होता. दोघेही एकाच खोलीतून दोन वेगळ्या भेटींची आठवण घेऊन बाहेर पडले. तुमच्या फाटकापाशी त्या वायरमनने आधी कडी पाहिली असणार, आणि तुमचे वाक्य त्याला खोटे वाटायला वेळ लागला नसणार.

आता त्या चाचणीबद्दल, कारण तिने तुम्हाला नको तितके अस्वस्थ केले आहे. इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट या नावाची ही पद्धत अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी 1998 मध्ये मांडली. या विषयाचा पाया ग्रीनवाल्ड यांच्यासोबत घालणाऱ्या महजरीन बानाजी या मूळच्या आपल्या सिकंदराबादच्या. चाचणीत पडद्यावर चेहरे आणि शब्द भराभर येतात. एका फेरीत गोरा चेहरा आणि चांगला शब्द यांना एकच कळ असते, दुसऱ्या फेरीत सावळा चेहरा आणि चांगला शब्द यांना. कोणत्या फेरीत बोटे अडखळतात, हे मिलिसेकंदांत मोजले जाते. सावळ्या माणसांचाही असा निकाल येतो आणि त्यात काही विपरीत नाही. ‘गोरी, सुस्वरूप वधू हवी’ ही जाहिरात जिने वर्षानुवर्षे वाचली, तिच्या बोटांनी ती वाचून सोडून दिली असेल, असे का मानावे?

पण या चाचणीचा निकाल म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल नव्हे. तोच माणूस काही दिवसांनी तीच चाचणी देतो तेव्हा त्याचा आकडा बराच बदललेला आढळतो. ज्यांनी ही चाचणी घडवली त्यांनीच एकेका व्यक्तीवर शिक्का मारण्यासाठी ती वापरू नये असे बजावले आहे. हजारोंच्या समूहाचा कल पाहण्यासाठी ती उपयोगी पडते. याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या मुलीच्या नजरेतून निसटली आहे. तिने मोजला तो त्वचेचा रंग, आणि तुम्ही ज्याला परत पाठवलेत त्याचा रंग कदाचित तुमच्याहून उजळ असेल. तुमच्या फाटकापाशी जे घडले ते बोली, गाव आणि पेशा यांवरून घडले. त्या चाचणीने त्याबद्दल काहीच सांगितलेले नाही. तेव्हा तो निकाल बाजूला ठेवा, आणि फाटकापाशी जे प्रत्यक्ष घडले त्याकडे पाहा, कारण तिथला पुरावा अधिक पक्का आहे.

‘खोली गेली.’ बाई, हे वाक्य आपोआप आलेले नाही. ते बोलण्यासाठी रिकामी खोली आठवावी लागली, खरे बोलायचे नाही असे ठरवावे लागले, आणि समोरचा माणूस वाद घालणार नाही असे कारण निवडावे लागले. यातला एकही टप्पा हाताच्या सवयीने पार पडत नाही. अलीकडे ‘अव्यक्त पूर्वग्रह’ हा शब्द इतका हाताशी झाला आहे की उघड निवडीलाही तो पांघरता येतो, आणि ज्या संशोधनाने माणसाला सावध करायचे होते त्याचाच आडोसा होतो, याची मला मनापासून काळजी वाटते. तुमचे यजमान निदान जे आहे ते बोलले. ‘घाटी लोक कोणालाच नको असतात’ हे विधान सरळ उघड पूर्वग्रहाचे आहे, आणि तुम्ही खोटे बोललात तेव्हा त्याच विधानावर चाललात, फक्त तो शब्द तोंडावाटे येऊ दिला नाहीत.

त्या शब्दाविषयी थोडे बोलू द्या. घाटापलीकडून आलेला तो घाटी. मुळात ही दिशा सांगणारी गोष्ट. आमच्या घरीही तो सहज उच्चारला जाई, आणि तो शिवीसारखा वापरला जातो हे मला कळले तेव्हा मी चांगला मोठा झालो होतो. मुंबईत हाच शब्द मराठी माणसाला तुच्छतेने लावला जातो आणि तो आपल्याला झोंबतो. गोव्यात आपण मराठी बोलणारेच तो दुसऱ्याला लावतो. गोव्यात जमिनी हातच्या जात आहेत, भाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेर चालली आहेत, ही चिंता खरी आहे आणि ती बाळगणाऱ्याला पूर्वग्रहदूषित म्हणणे अन्यायाचे होईल. पण डोंगर कापून बंगले बांधणारा माणूस तुमच्या मागल्या दारी एक खोली मागायला येत नाही. ज्याच्यावर राग आहे तो समोर येत नाही, म्हणून जो समोर येतो त्याच्यावर तो काढायचा, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेला मी समजावून सांगायला नको.

भिंतींचे जे कारण तुम्ही मनाशी दिलेत आणि पुढे स्वतःच खोडून काढलेत, ते तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग आहे असे मला वाटते. डोव्हिडिओ आणि गार्टनर यांचा 2000 मधला एक अभ्यास याच जागी बोट ठेवतो. त्यांनी नोकरीच्या उमेदवारांची निवड विद्यार्थ्यांना करायला सांगितली, आणि दहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन गटांची तुलना केली. उमेदवार स्पष्टपणे लायक किंवा स्पष्टपणे नालायक असेल, तेव्हा वर्णावरून भेद झाला नाही. लायकी मधलीच, दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी असेल, तेव्हा मात्र पारडे गोऱ्याच्या बाजूला झुकले. दहा वर्षांत विद्यार्थ्यांच्या तोंडचा पूर्वग्रह कमी झाला होता, पण या मधल्या जागेतला भेद तसाच राहिला होता. पूर्वग्रहाला अशी सैल जागा लागते, कारण तिथे प्रत्येक निर्णयाला सभ्य कारण मिळते.

एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी 2005 मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी एक पुरुष आणि एक स्त्री उमेदवार होती. पुरुष शिकलेला दाखवला, तर लोक म्हणाले, या पदाला शिक्षण महत्त्वाचे. पुरुष अनुभवी पण कमी शिकलेला दाखवला, तर लोकांनी शिक्षणाचे महत्त्व कमी केले. कसोटी आधी ठरत नव्हती, आवडलेल्या उमेदवाराच्या मापाने ती मागाहून बेतली जात होती. ज्यांना आपण निःपक्षपाती असल्याची खात्री अधिक होती त्यांच्यात हा भेदभाव अधिक आढळला. आणि जेव्हा उमेदवार पाहण्याआधीच कसोट्या ठरवून घ्यायला लावले, तेव्हा भेदभाव नाहीसा झाला. तुमच्या भिंतींना त्या वायरमनची एक मुलगी नको होती आणि ओळखीतली दोन मुले चालली. हेच ते.

हे परदेशातले विद्यार्थी, आपल्याकडे तसे नाही, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबतही असाच शोध घेतला आणि तिथेही दलित व मुस्लिम भाडेकरूंना नकार अधिक मिळताना दिसला. त्या घरमालकांना प्रत्यक्ष विचारले असते तर बहुतेकांनी सौम्य काही कारण दिले असते. पुण्यात तुमच्या मुलाला माशांचे कारण मिळाले. त्या रात्री तुम्ही जागलात. गदगच्या त्या माणसाच्या घरीही कोणीतरी जागले असेल, हे तुम्हाला आता दिसते आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलेत असे मी समजतो.

तुमच्या पत्रात एक न विचारलेला प्रश्नही आहे: एवढ्या मुलांना जीव लावल्यावरही असे का व्हावे? हा प्रश्न मला सर्वांत खोल वाटला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये असे मांडले की गटागटांतील संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, पण त्यासाठी काही अटी आहेत: दोन्ही बाजूंचा दर्जा त्या जागी समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते एकमेकांच्या सहकार्याने गाठायचे असावे, आणि संस्थेचा वा वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. तुमची ती मुले तुमच्या हाताखाली होती. त्यांचे आईवडील वर्गाच्या दाराबाहेर, चपला काढून उभे राहत असतील. तुमचे प्रेम खरे होते, त्यात मला शंका नाही, पण ते वरून खाली वाहत होते, आणि तशा प्रेमाला समोरच्याने भाडेकरार करणारा, वीजबिल वाटून भरणारा, अंगणात आपल्या बरोबरीने खुर्ची टाकून बसणारा शेजारी झालेले अनोळखी वाटू शकते. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात 1,261 तरुणांना घेऊन क्रिकेटचे सामने भरवले आणि 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या जातींचे तरुण एकाच संघात खेळले तेव्हा जातीपलीकडची मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांतून भेटले तेव्हा ती वाढली नाही, उलट घटण्याकडेच कल दिसला. नुसते भेटत राहणे पुरत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण अशा शेकडो माणसांना दर आठवड्याला भेटतो, घासाघीस करतो आणि जसेच्या तसे घरी येतो.

मग करायचे काय? मन धुऊन काढण्याच्या मागे लागू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. कॅल्व्हिन लाय आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये अव्यक्त कल बदलण्याचे नऊ उपाय तपासले. सर्वांचा तात्काळ परिणाम झाला आणि काही तासांत किंवा दिवसांत एकाचाही उरला नाही. पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 492 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा चाचणीतला आकडा बदलला म्हणून वागणे बदलले, असे दिसले नाही. तेव्हा दर महिन्याला ती चाचणी देऊन आपला आकडा उतरला का, हे पाहत बसण्यात काही हाशील नाही. सैल जागा आवळणे मात्र तुमच्या हातात आहे.

एकतीस वर्षे हजेरीपट ठेवलेल्या माणसाला एक वही घालणे अवघड नाही. खोली रिकामी होण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर भाडे, अनामत, जास्तीत जास्त माणसे, पाण्याची वेळ, आणि पोलिसांकडचा भाडेकरू पडताळणीचा अर्ज प्रत्येकाला भरावा लागेल ही अट लिहा. मुले चालतील की नाही, तेही आत्ताच लिहा, आणि लिहिलेत की ओळखीच्या कुटुंबालाही तेच लावा. विचारायला येणाऱ्याचे नाव आणि तारीख क्रमाने मांडा. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. ज्याने अटी मान्य केल्या आणि जो आधी आला, खोली त्याची. नकार द्यावा लागला तर कारण त्याच दिवशी वहीत उतरवा आणि तेच कारण त्याच्या तोंडावर सांगा. जे कारण सांगवत नाही, ते कारणच नव्हे असे समजा. यजमान विरोध करतील. त्यांच्याशी घाटी-बिगरघाटी असा वाद घालू नका, वही त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि कोणती अट वाढवायची ते त्यांना त्यांच्या हाताने लिहायला सांगा. जे ते बोलून दाखवतात ते लिहून काढणे त्यांनाही जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, त्या माणसाला काही सांगावे का. सांगावे. पण तुमच्या मनावरचा भार उतरवण्यासाठी त्याच्याकडे जाऊ नका. चाचणीचे, पुण्याचे, तुमच्या विद्यार्थ्यांचे, ‘मी तशी नाही’ हे काहीही त्याला सांगू नका, कारण मग तुम्हाला समजून घेण्याचे काम त्याच्यावर पडते. क्षमाही मागून घेऊ नका. त्याला ‘जाऊ द्या बाई’ म्हणावेच लागेल, आणि तसे म्हणायला लावणे हे पुन्हा वरूनच वागणे झाले. ‘‘खोली त्या दिवशी गेली नव्हती. मी खोटं बोलले, ते चुकलं,’’ एवढे दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. तो रागावला, तर ऐकून घ्या. त्याच्या मुलीसमोर मात्र हे बोलू नका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत कागदावरची चक्रव्यूहाची कोडी मुलांकडून सोडवून घेतली होती. जात उच्चारली नव्हती तेव्हा मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता, आणि सर्वांसमोर जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. आपल्याला कोठून आणि का परत पाठवले होते, हे त्या मुलीला तुमच्या तोंडून दुसऱ्यांदा कळायला नको.

तुमची दुसरी खोली पुढेमागे रिकामी होईल. तेव्हा फाटकावर पाटी लावण्याआधी वहीतल्या अटी घेऊन त्याच्याकडे जा. तोवर त्याला दुसरीकडे जागा मिळाली असेल तर प्रश्न मिटला. मिळाली नसेल, तर तुमच्या क्रमवारीत मार्चमधल्या तारखेला पहिले नाव त्याचे आहे.